वाचलेल्या मुली : १८९७चा दुष्काळ, पंडिता रमाबाई आणि कुमारवयातील मेंदू

आजचा धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

१८९१च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४३ हजार होती. १९०१च्या जनगणनेत ती सुमारे ६ लाख ६३ हजार भरली. दहा वर्षांत ऐंशी हजार माणसांची घट. कुणी पटकीने गेले, कुणी तापाने, कुणी पोटामागे परमुलखात गेले ते परतलेच नाहीत. आणि या साऱ्याच्या मुळाशी १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे पाठोपाठ आलेले दोन दुष्काळ होते. ज्या कुडव्यात बसून मी हे लिहीत आहे, ते गोंदिया शहराला लागून असलेले गाव तेव्हा याच भंडारा जिल्ह्यात होते. (गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, वयाने तो जवळपास माझ्याएवढाच आहे.)

दुष्काळाचा इतिहास वाचताना आपली नजर या घटीवर जाऊन थांबते. उरलेल्या ६ लाख ६३ हजारांकडे आपण फिरून पाहत नाही. त्यांत अशाही मुली होत्या, ज्यांना दुष्काळाने बाराव्या, तेराव्या, चौदाव्या वर्षी गाठले होते. त्या जगल्या, म्हणून मोजणीपुरता त्यांचा प्रश्न मिटला. पण त्या वयात भूक, भीती, आईबापांचा मृत्यू आणि अनोळखी माणसांची मर्जी यांतून गेलेल्या मुलीच्या आत नेमके काय घडते? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मेंदूविज्ञानाने या वयाविषयी बरेच काही शोधून काढले आहे. ते हाताशी धरून १८९७ साल पुन्हा वाचता येईल का, हा आजच्या धाग्याचा विषय.

या प्रश्नाला एक असामान्य साक्षीदार लाभला आहे. स्वतः सोळा वर्षांच्या असताना दुष्काळात सर्वस्व गमावलेल्या आणि पुढे वीस-बावीस वर्षांनी आमच्याच मध्य प्रांतातून दुष्काळग्रस्त मुलींना घेऊन गेलेल्या पंडिता रमाबाई.

आधी मुलूख समजून घेऊ. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा पट्टा धानाचा. आम्ही त्याला झाडीपट्टी म्हणतो. शेकडो तलाव आणि बोड्या यांच्या जोरावर येथील शेती उभी राहिली. नवेगाव बांधसारखा विस्तीर्ण तलाव कोहळी समाजाच्या पिढ्यांच्या कौशल्याची साक्ष देतो. परंतु तलाव भरायलाही पाऊसच लागतो, आणि धानाला तो शेवटपर्यंत लागतो. १८९६ साली पावसाने अवेळी पाठ फिरवली. लोंब्या भरण्याच्या दिवसांतच शेते वाळली. आधीची दोन-तीन वर्षेही मध्य प्रांतात बेताचीच गेली होती; घरात साठा नव्हता, सावकाराकडे पत नव्हती.

रेल्वे मात्र दारात होती. नागपूर-छत्तीसगड मार्ग १८८०च्या दशकाच्या आरंभीच सुरू झाला होता आणि पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला. रेल्वेमुळे धान्य बाजारात येऊ शकत होते, हे खरे. ते विकत घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता, हेही तितकेच खरे. सरकारच्या दुष्काळ संहितेत यावर उपाय होता तो कामाचा : खडी फोडा, रस्ते बांधा, माती उपसा आणि मजुरी घ्या. या कामांवर मुलांचाही वेगळा वर्ग असे, त्यांची मजुरी मोठ्यांपेक्षा कमी. ज्यांना काम करणे शक्यच नव्हते, त्यांच्यासाठी अनाथगृहे आणि अन्नछत्रे होती. मोहफुले, कंदमुळे आणि झाडपाला खाऊन दिवस काढणाऱ्या कुटुंबांची वाताहत झाली की मुले एकटी पडत, आणि ती रस्त्याने चालत या छावण्यांपर्यंत येत.

आता वीस-बावीस वर्षे मागे जाऊ.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, पण लोकरीतीच्या विरुद्ध वागणारे; त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. घर असे नव्हतेच. तीर्थाहून तीर्थाला जावे, पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा. या भटकंतीत एक गोष्ट मात्र कधी चुकली नाही. आई पहाटे मुलीला उठवी, जवळ घेई, आणि दिवसाची कामे सुरू होण्याआधी तिला श्लोक शिकवी. मुलीने भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले ते या पहाटेच्या पाठांतून. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

१८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळची पुंजी, भांडी, दागिने सर्व संपले. शारीरिक कष्टाची सवय नाही, भीक मागण्याची लाज, अशा स्थितीत हे कुटुंब रानात पाने खाऊन राहिले. वडील गेले. पाठोपाठ आई आजारी पडली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला रमा एका घरी गेली, तेव्हा तिच्या तोंडून शब्दच फुटेना. आईच्या मृत्यूनंतर तिरडी उचलायला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत. रमाला स्वतः पुढे व्हावे लागले, आणि तिची उंची कमी असल्यामुळे तिने तिरडीचे टोक डोक्यावर घेतले. त्यानंतर काही महिन्यांत थोरली बहीणही गेली.

उरली ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी हिंडत राहिली, दक्षिणेपासून थेट पंजाबपर्यंत. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरायला काही नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत शिरून डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोचली. तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, हे आपण शाळेत शिकतो. सभेत उभी असलेली ती वीस वर्षांची तरुणी दोन वर्षांपूर्वी कशी झोपत होती, हे शाळेत कुणी सांगत नाही.

रमाबाईंनी हे सर्व पुढे स्वतः लिहून ठेवले. १९०७च्या आत्मकथनात ते सविस्तर येते. मला त्या लेखनात खिळवून ठेवते ती एक गोष्ट : तीस वर्षांनंतरही तपशील इतका धारदार आहे. मृत्यूंची कारणमीमांसा थोडक्यात येते. पण वाळू, तिरडी, मागायला न फुटलेला शब्द ही चित्रे जशीच्या तशी येतात.

येथे विज्ञानाकडे वळणे भाग आहे.

मेंदूचे आकारमान बालपणातच प्रौढ मेंदूच्या जवळ पोचते. म्हणून फार काळ असे मानले जाई की महत्त्वाची बांधणी लहानपणीच आटोपते. १९९९ मध्ये जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच मुलाच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा काही वर्षांच्या अंतराने पुन्हापुन्हा घेऊन दाखवले की चित्र वेगळे आहे. मेंदूच्या पृष्ठभागातील करडे द्रव्य वयात येण्याच्या सुमारापर्यंत वाढते आणि नंतर कमी होऊ लागते. ते कमी होण्यामागे एक मोठे कारण म्हणजे चेतापेशींच्या परस्पर जोडण्यांची छाटणी. त्याच वेळी, ज्या जोडण्या टिकतात त्यांच्या तंतूंवर वेष्टण चढते आणि संदेश जलद धावू लागतात.

आमच्याकडच्या बांध्यांतून चालताना हे सहज कळते. रोवणीच्या आधी कुणी कुठूनही जातो. पण धुऱ्यावरची जी वाट रोज तुडवली जाते तीच शेवटी वाट म्हणून उरते, बाकीच्यांवर गवत माजते. मेंदूतही वापरातले मार्ग पक्के होतात आणि न वापरलेले मावळतात. हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालते. सर्वांत उशिरा पुरी होते ती कपाळामागच्या भागाची, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची बांधणी. थांबणे, तोलणे, पुढचा विचार करणे, भीतीला आवर घालणे ही त्याची कामे.

मेंदूचा कोणताही भाग एकटा काम करत नाही. दूरदूरचे भाग एकत्र येऊन जाळी बनवतात. स्टॅनफर्डचे विनोद मेनन यांनी २०११ मध्ये अशा तीन जाळ्यांच्या परस्परसंबंधांवर भर दिला : एक, हातातील कामावर लक्ष केंद्रित करणारे, दुसरे, मन स्वतःत, आठवणींत आणि भविष्याच्या विचारात गुंतलेले असताना जागे असणारे, आणि तिसरे, या क्षणी महत्त्वाचे काय, धोक्याचे काय, हे हेरून पहिल्या दोहोंमध्ये पाळी बदलून देणारे. कुमारवयात ही तीन जाळी स्वतंत्र होत, एकमेकांशी जुळवून घेत घडत असतात. म्हणजे ज्या वर्षांत १८९७ची बारा वर्षांची मुलगी रिलीफ कॅम्पात खडी फोडत होती, नेमकी तीच वर्षे ‘धोका कशाला मानायचे’ हे ठरवणारी यंत्रणा घडण्याची होती.

ताण म्हणजे काय, याचे आधुनिक उत्तर हान्स सेल्ये यांच्या १९३६च्या छोट्याशा निबंधापासून सुरू होते. संकट दिसले की मेंदूकडून इशारा जातो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात, शरीर सज्ज होते. संकट टळले की पातळी उतरते. ही व्यवस्था जीव वाचवणारी आहे. घोटाळा होतो तो पातळी उतरायला वेळच मिळत नाही तेव्हा. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये उंदरांवर दाखवले की दीर्घ ताणाने हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील चेतापेशींच्या फांद्या आखडतात, पण भीतीशी निगडित अमिग्डालात त्या उलट वाढतात. ताण थांबवून उंदरांना विसावा दिला, तरी अमिग्डालातील वाढ ओसरली नाही. रसेल रोमिओ यांच्या प्रयोगांत आणखी एक बाब पुढे आली : वयात येण्याआधीच्या उंदरांत ताणानंतर संप्रेरकाची पातळी पूर्ववत व्हायला प्रौढांपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. संकट तेवढेच, पण कोवळे शरीर त्यात जास्त काळ अडकून राहते.

माणसांच्या मुलांबद्दलचा एक निष्कर्ष मला विशेष बोलका वाटतो. २०१३ मध्ये डिलन गी, निम टॉटनहॅम आणि सहकाऱ्यांनी अनाथालयांत सुरुवातीचा काळ काढून नंतर दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास केला. अमिग्डाला आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्स यांच्यातील जोडणीचा जो नमुना एरवी कुमारवयात दिसू लागतो, तो या मुलांत त्याआधीच दिसत होता. आईवाचून वाढलेल्या मेंदूने जणू घाई केली होती. मराठीत यासाठी नेमका शब्द केव्हाचा आहे. आईबाप गेलेल्या पोराकडे पाहून आपल्या आज्या म्हणत, पोर अकाली पोक्त झाले. या पोक्तपणाचा तेव्हापुरता उपयोग असतो. पण घाईने पक्का झालेला मार्ग पुढे बदलायला अवघड जातो, अशी या संशोधकांची मांडणी आहे.

येथे इतिहासाचे विद्यार्थी हात वर करतील, आणि करावाच. १८९७च्या मुलीला ‘कुमारवयीन’ म्हणणे हाच कालविपर्यास नव्हे काय? स्टॅन्ली हॉल यांचा किशोरावस्थेवरचा प्रसिद्ध ग्रंथ १९०४चा. आपल्याकडे १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने वय दहावरून बारा केले, तेव्हा केवढे वादळ उठले! ज्या समाजात मुलगी बाराव्या वर्षी सासरी असे, तिथे बालपण आणि प्रौढपण यांच्यामध्ये काही मुक्काम आहे, ही कल्पनाच क्वचित होती. आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर इतकेच की संकल्पना उशिरा आली म्हणून शरीर थांबले नव्हते. तरीही दुसरा सावधपणा पाळलाच पाहिजे. मेंदूचे हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या मुलीचे त्यावरून निदान करणे हा इतिहासही नव्हे आणि विज्ञानही नव्हे. मला त्यांचा उपयोग हवा आहे तो जुने कागद वाचताना कुठे थांबायचे, हे कळण्यापुरता.

(आणखी एक कंस. हे वाचून ‘बारावीच्या परीक्षेने माझ्या मेंदूची जाळी बिघडली का’ असे विचारणारे संदेश येतील, हे ठाऊक आहे. जॅक शॉन्कॉफ आणि त्यांचे सहकारी ताणाचे तीन प्रकार करतात : उपकारक, सोसण्याजोगा आणि विषारी. विषारी म्हणजे तीव्र, दीर्घ, आणि पाठीशी कुणी आधाराचे मोठे माणूस नसताना आलेला. खरी मेख या शेवटच्या अटीत आहे.)

आता १८९७कडे परत.

दुष्काळाची वार्ता आली तेव्हा रमाबाई पुण्यात होत्या. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन तोवर पुण्यात स्थिरावले होते. १८९३च्या धर्मांतराच्या वादात त्याचे अनेक हिंदू पाठीराखे दुरावले होते. पैसा बेताचा, माणसे थोडी. तरीही त्या मध्य प्रांतात गेल्या. का गेल्या, याचे कारण त्यांनी स्वतःच दिले आहे : आपण भोगलेल्या दुष्काळाच्या आठवणीने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. रमाबाई आमच्या कुडव्याच्या वेशीपर्यंत आल्या होत्या, असे मी म्हणत नाही. पण ज्या प्रांतात त्या फिरल्या तो हाच, आणि ज्या छावण्या त्यांनी पाहिल्या त्या याच दुष्काळाच्या.

त्यांनी जे पाहिले त्यात भूक होतीच. त्याहून त्यांना हादरवून गेली ती छावण्यांतील तरुण मुलींची अवस्था. सरकारी अहवालात अन्नछत्र म्हणजे माणशी धान्याचे माप. रमाबाईंच्या नजरेला दिसले की एकट्या मुलींवर मुकादम आणि दलाल टपलेले आहेत, आणि पोटाला अन्न मिळवण्याची किंमत मुलींना देहाने चुकवावी लागते. हे त्यांनी निर्भीडपणे लिहिले. दुष्काळ संहितेत या धोक्याला कलम नव्हते. एखादी मुलगी सरकारी कागदावर ‘मदत मिळालेली’ होती, आणि त्याच वेळी तिच्या दृष्टीने प्रत्येक मोठा माणूस हा संभाव्य धोका होता. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी. ‘धोका कशाला मानायचे’ हे शिकवणारी ती शाळा होती.

रमाबाईंनी सुमारे तीनशे मुलींची जबाबदारी घेतली. त्यांत बालविधवा होत्या, अनाथ होत्या, टाकलेल्या होत्या.

दुष्काळातून अनाथालयांत आलेल्या मुलांविषयी त्या काळच्या मिशनरी लेखनात काही तक्रारी वारंवार भेटतात. मुले अन्न चोरतात, लपवून ठेवतात. पोट भरले तरी खात राहतात. हट्टी आहेत, कृतज्ञता नाही, कामात लक्ष नाही. हे दोष शिस्तीने आणि धर्मशिक्षणाने घालवायचे, असा सूर असतो. मी पदव्युत्तर वर्गात पहिल्यांदा असे उतारे वाचले तेव्हा ते केवळ वसाहती दृष्टीचे नमुने म्हणून बाजूला ठेवले होते. दृष्टी वसाहती होती, यात शंका नाही. पण निरीक्षणे खोटी नव्हती.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. हे सुशिक्षित, ध्येयवादी स्वयंसेवक होते. काही आठवड्यांत ते ताटे चाटू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, त्यांचे लक्ष कशात लागेना. पुन्हा अन्न मिळू लागल्यावरही काही जणांची भूक भागेना. त्यांच्या संस्कारांत काही उणे होते, असे कुणी म्हटले नाही. मग तेराव्या वर्षी, संमतीवाचून, आईबाप गमावून, चोवीस आठवड्यांहून अधिक काळ उपाशी राहिलेल्या मुलीने भाकरी उशाखाली लपवली, तर ती चोरी कशी? ज्या जगात उद्याची भाकरी नसते तिथे भाकरी लपवणे हे शहाणपण आहे. पायवाट त्या जगात तयार झाली होती. मुलगी आता दुसऱ्या जगात आली होती, एवढेच.

आणि हे दुसरे जगही लगेच स्थिर झाले नाही. मुली पुण्यात पोचल्या तेव्हा शहरात प्लेगचा कहर होता. रँडच्या प्लेग समितीचे घरझडतीचे दिवस ते. अधिकाऱ्यांनी इतक्या मुली शहरात ठेवायला मज्जाव केला. रमाबाईंनी त्यांना पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवरच्या केडगावला, आपल्या शेतजमिनीवर हलवले. तेथे पक्की घरे नव्हती. तंबू आणि झोपड्या होत्या. प्लेगच्या रुग्णालयातील मुलींच्या हालांबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला लिहिलेले पत्र इतके झणझणीत होते की त्याचा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोचला. जहाल पुणेकर आणि ही ख्रिस्ती विदुषी यांचे एरवी पटत नसे. प्लेगच्या अंमलाविरुद्ध मात्र दोघांचा आवाज एकाच उन्हाळ्यात उठला. यावर खरे तर वेगळा धागा व्हायला हवा.

केडगावला १८९८ मध्ये ‘मुक्ती’ची रीतसर स्थापना झाली. तिथले जीवन कसे होते? ठरलेल्या वेळी उठणे, ठरलेल्या वेळी जेवण. वाचन-लेखनाचे वर्ग. शेती, विणकाम, शिवण, दूधदुभते, तेलाचा घाणा, पुढे छापखाना. शारदा सदनातील जुन्या विद्यार्थिनी, ज्या स्वतः बालविधवा म्हणून आल्या होत्या, त्या आता नव्या मुलींच्या शिक्षिका आणि सांभाळणाऱ्या झाल्या. १९००च्या गुजरातेतील दुष्काळानंतर आणखी शेकडो मुली आल्या.

आता ती पहाट आठवावी, आईने रमाला जवळ घेऊन शिकवलेली. रमाबाईंचे कुटुंब उपाशी होते, बेघर होते, पण मुलीच्या दिवसाला एक ठरलेला आरंभ होता आणि तो एका प्रेमळ माणसाच्या हातात होता. नंतर भाऊ होता. वाळूत खड्डे दोन होते. संशोधक ज्याला ताणातील आधार म्हणतात, आणि ज्याच्या असण्या-नसण्याने ‘सोसण्याजोगा’ आणि ‘विषारी’ यांतील फरक ठरतो, तो रमाबाईंना लाभला होता. त्यामुळेच त्या तगल्या, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण केडगावला त्यांनी जे उभे केले त्याकडे पाहिले की वाटते, आपल्याला कशाने तारले हे त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेआधी ठाऊक होते.

या बाबतीत विज्ञानाने अलीकडे एक आशेची बाजू पुढे आणली आहे. मेगन गुन्नार आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पुन्हा अनाथालयांतून दत्तक गेलेल्या मुलांचाच मागोवा घेतला. बालपणीच्या अभावामुळे त्यांची कॉर्टिसॉलची यंत्रणा मंदावलेली होती. ही मुले आधार देणाऱ्या घरांत वाढत वयात येत गेली, तसतशी ती यंत्रणा इतर मुलांसारखी होत गेली. ज्या वयात जाळी उघडी असतात त्याच वयात ती सुधारूही शकतात. सहा वर्षांच्या बालकाला वाचवणे सोपे, पंधरा वर्षांची मुलगी ‘हाताबाहेर गेलेली’, हा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. रमाबाई छावण्यांतून नेमक्या या वयाच्या मुलींना निवडून नेत होत्या. कारण त्यांच्यावरचा धोका सर्वांत मोठा होता.

मुक्तीचे गोडवे गाऊन थांबावे, असे मात्र मला वाटत नाही. तिथली शिस्त कडक होती. मुली ख्रिस्ती झाल्या. ज्यांना मागे घर उरले नव्हते त्यांच्या बाबतीत ‘स्वेच्छा’ या शब्दाला किती अर्थ होता, हा प्रश्न टिळकांच्या ‘केसरी’ने विचारला होता आणि तो केवळ सनातनी म्हणून झटकता येत नाही. दुसऱ्या बाजूने, ज्या समाजाने हा प्रश्न विचारला त्यातल्या किती जणांनी मध्य प्रांतातील छावणीतून एखादी मुलगी घरी आणली, हेही विचारावे लागते. मला दोन्ही प्रश्न एकत्र जपून ठेवावेसे वाटतात. शिवाय एकाच छताखाली शेकडो मुली म्हणजे शेवटी संस्थाच, घर नव्हे. बुखारेस्टमध्ये २०००च्या सुमारास सुरू झालेल्या, १३६ मुलांवरच्या प्रदीर्घ अभ्यासात कुटुंबात वाढवलेली मुले संस्थेत राहिलेल्यांपेक्षा अनेक बाबतींत सरस ठरली. १८९७च्या मुलींसाठी मात्र पर्याय कुटुंबाचा नव्हता. पर्याय मुकादमाचा होता.

मुक्तीच्या छापखान्यात पुढे रमाबाईंनी हाती घेतलेल्या बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराची छपाई झाली. खिळे जुळवणे, मुद्रिते, छपाई ही कामे तिथल्याच स्त्रिया करत. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. १८९७ साली बारा वर्षांची असलेली मुलगी त्या वर्षी सदतीस वर्षांची होती. छापखान्यात उभी राहून, उलट्या अक्षरांचे खिळे एकेक करून वेचत, ओळ चुकू न देता लावत असलेली.